पंचमंडळींनो, रविवारची सकाळ आमच्या पोरांना द्या

विषय: दर रविवारी सकाळी दोन तास गल्ली गाड्यांना बंद आणि लहान पोरांना मोकळी ठेवण्याबद्दल

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ आणि आजूबाजूच्या सगळ्या उपनगरांतल्या पंच कमिट्यांना, युवक मंडळांना आणि महिला मंडळांना नमस्कार,

मी शहापूरची. घरात दोन लहान पोरं, मोठा पहिलीला जाईल आता, धाकटी अजून तीनची व्हायची आहे. हे पत्र मी आमदारांना किंवा कॉर्पोरेशनला न लिहिता तुम्हाला लिहायलेय त्याचं कारण साधं आहे. गार्डन करायचं म्हटलं की जागा पाहिजे, निधी पाहिजे, टेंडर पाहिजे, त्यात वर्षं जातात, आणि तीन वर्षांच्या पोरीला तेवढी वर्षं थांबता येत नाही, तोवर ती सात-आठ वर्षांची होऊन ट्युशनला जायला लागते. गल्ली मात्र आज आहे, दाराबाहेर आहे, आणि गल्ली कधी बंद करायची, कशी करायची, कुणाची गाडी कुठं लावायची हे बेळगावात तुमच्याएवढं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

झेंडा चौकात लोकमान्य टिळकांच्या हातनं १९०५ साली सार्वजनिक गणपती सुरू झाला, म्हणजे शंभरावर वर्षं झाली या गावाला रस्ता माणसांसाठी मोकळा करायची सवय आहे. गणपतीत मंडप उभा राहिला की अकरा दिवस गाडी लांब लावून सगळे चालत घरी येतात. शिवजयंतीच्या चित्ररथांना अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. नवरात्रात दुर्गामाता दौडीसाठी पहाटे पाचला गल्ल्या झाडून, सडा-रांगोळी घालून तयार असतात. दूधवाला वाट काढतो, पेपरवाला वाट काढतो, आणि कुणाच्या घरात आजारी माणूस असेल तर मंडळाचीच पोरं धावत येऊन अँब्युलन्सला वाट करून देतात, हे मी लग्न होऊन आल्यापासनं दरवर्षी बघतेय. पोलिसांकडं अर्ज, कॉर्पोरेशनचा कागद, हेस्कॉमचं म्हणजे वीज कंपनीचं कनेक्शन, सगळं तुम्ही करता. म्हणून तुम्हालाच मागायचं आहे. रविवारी सकाळी सात ते नऊ. गल्लीच्या दोन्ही टोकांना एकेक बांबू आडवा. बस, एवढंच मागणं आहे, पण ते का मागतेय हे जरा सविस्तर सांगते.

आमच्या घरात आम्ही ठरवूनच पोरांना बाहेर वाढवतो. सकाळी जमेल तेव्हा व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या आवारात जातो, तिथं एवढी मोठी झाडं आहेत की पोरांना काही खेळणं द्यावं लागत नाही, वाळकी पानं, काड्या, मुंग्यांची रांग, तास कसा जातो कळत नाही. कधी किल्ला तलाव. संध्याकाळी वडगावच्या बाजूला शिवारात बांधावरनं चालतो, भात लावणीच्या दिवसांत खेकडे बघतो, सुगी झाली की तिथंच मसूर उगवून आलेला बघतो, धाकटीला बांधावरनं तोल सांभाळत चालायचं भारी वेड, पडली तर चिखलातच पडते. सुट्टीला येळ्ळूरच्या राजहंसगडावर, तिथनं वारं खात चारी बाजूचा मुलूख दाखवायचा. मे महिन्यात जांबोटीच्या बाजूला गेलो की करवंदं-जांभळं खाऊन दोघांची तोंडं जांभळी होऊन येतात. साडेसातशे मीटर उंचीवरचं आपलं गाव, भर उन्हाळ्यात सुद्धा सकाळ गार असते, संध्याकाळी वळीव येऊन जातो, लहान पोरांना बाहेर सोडायला यापेक्षा चांगली हवा दुसरीकडं शोधून सापडणार नाही.

पण हे सगळं कधी होतं तर घरात गाडी आहे, पेट्रोल आहे, नवऱ्याला सुट्टी आहे आणि मला त्या दिवशी घरातनं सुटता येतंय, असं सगळं जुळलं तर. आमच्या मागच्या बाजूला कापड विणायचे माग चालणारी घरं आहेत, तिथल्या आईला पोराला घेऊन राजहंसगडावर जा असं मी कुठल्या तोंडानं सांगू? शिफ्टमध्ये काम करणारा बाप, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यातली एक खोली मागानं भरलेली. तिच्या पोराला खेळायचं तर उंबऱ्याबाहेर, आणि उंबऱ्याबाहेर बुलेट, रिक्षा, टेम्पो, डिलिव्हरीवाल्यांची घाई. मग ती काय करते तर मोबाईल देते. तिला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही, कुणालाच नाही.

मोबाईलवरनं आठवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या पोरांसाठी नियम सांगितले. एक ते चार वर्षांच्या पोराचं अंग दिवसभरात मिळून १८० मिनिटं तरी हललं पाहिजे, म्हणजे तीन तास, आणि तीन-चार वर्षांची असतील तर त्यातला एक तास दम लागेपर्यंत पळणं, उड्या मारणं. दोन ते चार वर्षांच्या पोरांना स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, आणि त्याहून लहान असतील तर नकोच. आता तुम्ही सांगा, आपल्याकडच्या तीन-चार वर्षांच्या किती पोरांना दम लागेपर्यंत पळायला मिळतं? घरात पळालं तर फरशीवर पडतं, जिन्यात पळालं तर आपण ओरडतो, खाली पार्किंगमध्ये पळालं तर मागं येणाऱ्या गाडीला ते दिसत नाही. दिवसभर त्याला आपण "हळू", "पळू नको", "बस एका जागी" एवढंच सांगत असतो.

डोळ्यांचं तर अजून वेगळंच आहे. चीनमध्ये ग्वांगझू शहरात पहिलीच्या वर्गांतल्या मुलांवर तीन वर्षं एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालाय. काही शाळांमध्ये रोज फक्त ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर उजेडात घ्यायचा आणि बाकीच्या शाळांमध्ये नेहमीसारखंच चालू ठेवायचं. तीन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, बाहेर काढलेल्यांमध्ये ३०.४ टक्के. औषध नाही, ड्रॉप नाही, नुसता दिवसाचा उजेड. घरातल्या ट्यूबलाईटचा उजेड आणि बाहेर झाडाखालच्या सावलीतला उजेड यात कितीतरी पटींचा फरक असतो, आणि वाढणाऱ्या डोळ्याला तोच उजेड लागतो. रविवारचे दोन तास यासाठी पुरे आहेत असं मी म्हणत नाही, रोज पाहिजे, पण रविवारी एकदा बाहेरची गोडी लागली की पोरं सोमवारी आपणहून दार उघडायला लावतात.

रस्ता पोरांना देणं हे काही मी नवीन काढलेलं खूळ नाही. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकापासनं रविवारी आणि सणाच्या सुट्टीला सकाळी सात ते दुपारी दोन मोठमोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, आज ते रस्ते मिळून शंभर किलोमीटरच्या वर जातात, आणि लोक सायकली, पोरं, कुत्री घेऊन बाहेर पडतात. आपल्या देशात गुरगावनं २०१३ मध्ये राहगिरी म्हणून हेच सुरू केलं. लांब कशाला, केंद्र सरकारनं २०२० मध्ये पाच वर्षांखालच्या पोरांसाठी शहरातल्या जागा नीट करायची एक स्पर्धा काढली होती, नर्चरिंग नेबरहुड्स चॅलेंज, त्यात निवडलेल्या शहरांमध्ये आपल्या शेजारचं हुबळी-धारवाड होतं. आपलं बेळगाव तर स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत, २०१६ च्या जानेवारीत आलेलं. पोरांच्या बाबतीत आपण मागं का राहायचं?

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते किल्ल्याबद्दल.

दिवाळीत आपल्याकडं किल्ला करतात तसा मी दुसरीकडं फार कमी ठिकाणी बघितलाय. परीक्षा संपायच्या आधीपासनं पोरं माती हेरून ठेवतात, मग मंडळाची मोठी पोरं ट्रॅक्टरनं लाल माती आणतात, दगड, पोती, जुन्या विटा, आणि राजगड नाहीतर प्रतापगड नाहीतर जंजिरा, नकाशा समोर ठेवून बुरूज न बुरूज उभा करतात. रात्री एक-एक वाजेपर्यंत काम चालतं. उतारावर हळीव आणि मोहरी पेरतात, दोन-चार दिवसांत हिरवं होतं. आणि या सगळ्यात खाली, पाण्याच्या बादलीपाशी, गल्लीतली सगळी तीन-चार-पाच वर्षांची पोरं असतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. कुणी पाणी घालतंय, कुणी चिखल थापतंय, कुणी नुसतंच मूठभर माती इकडची तिकडं नेतंय. गेल्या दिवाळीत माझा मोठा तासभर एकच भिंत करत बसलेला, ती कोसळायची, तो परत करायचा, शेवटी मंडळातल्या एका दादानं त्याला दाखवलं की खाली रुंद कर, वर निमुळती घे, आणि ती उभी राहिली. घरी याच पोराला एका जागी पाच मिनिटं बसवणं अवघड जातं. ओली माती किती जड असते, किती पाणी घातलं की थापता येते आणि किती घातलं की वाहून जाते, मोठ्यांना हात आखडता न घेता मदत कशी करायची, आपली पाळी यायची वाट कशी बघायची, हे त्याला त्या चार दिवसांत मिळालं. फी भरून हे मिळत नाही.

आणि मग दिवाळी झाली की आठवड्याभरात ती माती परत ट्रॅक्टरमध्ये भरून जाते. गल्ली स्वच्छ होते. पेव्हर्स चकाचक.

ती माती राहू द्या. सगळी नको, अर्धा ट्रॅक्टर, देवळाच्या बाजूला किंवा मंडळाच्या ऑफिसच्या भिंतीला लागून एक कोपरा, चार बाजूंनी दगड लावून. रात्री कुत्री-मांजरं येतात म्हणून मंडपाची जुनी ताडपत्री टाकायची, सकाळी काढायची. वर्षातनं एकदा, दिवाळीलाच, माती बदलायची, ती तशीही तुम्ही आणताच. मातीत खेळून जंत होतात म्हणून कुणी घाबरत असेल तर खेळून झाल्यावर साबणानं हात धुवायचे, नखं कापायची, आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत फुकट देतात ती चुकवायची नाही.

युद्ध संपल्यावर हॉलंडमधल्या अ‍ॅम्स्टरडॅम शहरात जवळजवळ हेच केलं. १९४७ मध्ये आल्डो व्हान आयक नावाच्या तरुण आर्किटेक्टनं एका चौकात पहिली खेळायची जागा केली, वाळूचा एक हौद, काही लोखंडी कमानी, उड्या मारायला ठोकळे, जवळजवळ एवढंच. मग दुसऱ्या गल्ल्यांतले लोक नगरपालिकेला पत्रं लिहायला लागले की आमच्याकडं पण करा, आमच्या कोपऱ्यावर एक रिकामी जागा आहे. असं करत तीस वर्षांत सातशेच्या वर जागा झाल्या, कुठं दोन घरांच्या मधल्या पडीक प्लॉटवर, कुठं फुटपाथच्या रुंद कोपऱ्यावर. मोठं मैदान कुठंच नव्हतं. पोराला घरातनं चालत जाता येतं आणि आईला खिडकीतनं दिसतं, एवढं बघितलं. आपल्या गल्ल्यांत असे कोपरे आहेत, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

काही शंका येतील, त्या मी इथंच घेते.

गाड्या कुठं लावायच्या? गणपतीत लावता तिथंच, आणि इथं तर अकरा दिवस नव्हे, दोन तासच. ज्यांना रविवारी कामावर जायचं आहे त्यांनी सातच्या आधी गाडी बाहेर काढून ठेवायची. अँब्युलन्स, पाण्याचा टँकर, गॅसची गाडी आली तर बांबू उचलायचा, त्यासाठीच तर टोकाला मंडळाचा एक-एक माणूस पाहिजे. मुख्य रस्त्याच्या गल्ल्यांना हे जमणार नाही हे मान्य, त्यांनी आतली बोळ घ्यावी.

लागलं-बिगलं तर जबाबदार कोण? गुडघे फुटतील, कोपर खरचटेल, हे होणारच आहे आणि व्हायला पण पाहिजे, उंची किती आहे आणि उडी मारायची का नाही हे पोराला स्वतः मोजता आलं पाहिजे. खरा धोका गाडीचा असतो आणि तो तर आपण दोन्ही टोकांना अडवलेला आहे. आपापल्या पोरावर लक्ष आपापल्या घरच्या माणसानं ठेवायचं, आणि हे "घरच्या माणसानं" मी मुद्दाम लिहिलंय, दर वेळी आईच आली पाहिजे असं काही नाही, रविवारी बापानं चहाचा कप घेऊन कट्ट्यावर बसावं, आजोबांनी बसावं.

मोठी पोरं क्रिकेट मांडतील आणि बारक्यांना हाकलतील, हे मात्र नक्की होणार. म्हणून पहिला तास सहा वर्षांखालच्यांचा, बॅट-बॉल बंद. दुसऱ्या तासाला सगळ्यांचं, पण तेव्हा पण लगोरी, लंगडी, विषामृत, डबा ऐसपैस, दोरीवरच्या उड्या, टायर पळवणं, असं ज्यात सगळ्यांना घेता येतं. क्रिकेटला लेले मैदान आहे, शाळांची मैदानं आहेत, तिकडं ही पोरं सायकलवरनं जाऊ शकतात, अडीच वर्षांचं पोर जाऊ शकत नाही.

आणि मुली. ही गोष्ट मला फार लागते. आपल्या गल्लीत मुलगी सात-आठ वर्षांची होईपर्यंत बाहेर दिसते, नंतर दिसायची बंद होते, दिसली तर कडेवर धाकटा भाऊ घेऊन दारात उभी. मुलगे बारावीपर्यंत कट्ट्यावर असतात आणि मुली दहाव्या वर्षी आत. रविवारच्या दोन तासांत मुलींच्या लंगडीचा एक डाव दर वेळी झालाच पाहिजे, महिला मंडळानं हे हातात घ्यावं. आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायका लंगडीत आणि फुगडीत काय काय करायच्या ते त्या अजून सांगतात, त्यांना कट्ट्यावर बसवा, त्या शिकवतील.

गल्लीत पोरं खेळली की आणखी एक होतं जे घरात कधी होत नाही. आमच्या शेजारी कानडी बोलणारं घर आहे, पलीकडं उर्दू बोलणारं, कोपऱ्यावर कोकणी. माझी धाकटी शेजारच्या पोरीला "इल्ली बा", म्हणजे इकडं ये, म्हणून हाक मारते आणि ती पोरगी हिला "थांब की" म्हणते, आणि दोघींना आपण दोन भाषा बोलतोय याचा पत्ता पण नसतो. मोठ्या माणसांचे प्रश्न मोठे आहेत, ते आपल्या पिढ्यान् पिढ्या चालू आहेत आणि त्यावर माझं पण मत आहे, पण ते या पत्रात नको. पाच वर्षांच्या पोरांना एकमेकांच्या अंगणात मोकळं येता-जाता यावं एवढंच इथं म्हणायचं आहे.

पावसाळ्यात बंद करू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस हटत नाही, म्हणून चार महिने पोरं कोंडून ठेवली तर वर्षातला तिसरा हिस्सा गेला. वीज-वादळ असेल त्या रविवारी नको, बाकी रिमझिम असेल तर रेनकोट, गमबूट, घरी गेल्यावर गरम पाण्यानं अंघोळ. गटारांवर फरशी नीट आहे का ते मात्र आधी बघा, एखादी तुटलेली असेल तर ती पहिल्यांदा बदला, कारण पाणी साठलं की खालचं काही दिसत नाही.

सामान विकत आणायची गरज नाही. मंडळाच्या गोडाऊनमध्ये दोऱ्या आहेत, बांबू आहेत, पोती आहेत, रिकामी पिंपं आहेत. गॅरेजवाले जुने टायर देतात. पोत्यांची शर्यत, पिंपात पाणी आणि चार मग, रंगीत खडू, आणि ती माती. माईक लावू नका, बक्षीस ठेवू नका, पाहुणे बोलवू नका, फोटोसाठी पोरांना ओळीत उभं करू नका. खेळ पोरांचा आहे, त्यांना सुचेल तसा चालू दे.

सगळ्या गल्ल्यांनी एकदम करायला पाहिजे असं पण नाही. एका गल्लीनं महिनाभर करून बघावं, चार रविवार, मग गल्लीतल्या सगळ्यांना बसवून विचारावं, वयस्क माणसांना त्रास झाला का, दुकानदारांचं नुकसान झालं का, वेळ बदलायची का, सातच्या ऐवजी संध्याकाळी पाच करायची का. जमलं तर शेजारची गल्ली बघून शिकेल, गणपतीत देखावे बघून शिकतात तशी.

आमच्या गल्लीतल्या काही आया आणि एक-दोन आज्या तयार आहेत. टोकाला बांबू धरून उभं राहायला, हात धुवायची बादली-साबण सांभाळायला, नऊ वाजता रस्ता झाडून द्यायला आम्ही येतो. पोलिसांकडच्या अर्जाचा मसुदा पण लिहून ठेवलाय, त्यावर फक्त पंच कमिटीचा शिक्का आणि सह्या पाहिजेत. तुमची पुढची मीटिंग कधी आहे तेवढं कळवा, शक्यतो रात्री साडेआठच्या आधी ठेवा, त्यानंतर पोरांना झोपवायचं असतं.

आपली,
दोन लहान पोरांची आई,
शहापूर, बेळगाव